रोज एक बादली खड्ड्याला

आमचे अकोल्याचे घरमालक कुठल्याही वस्तूला सरळ हात लावत नसत. आधी हाताची मागची बाजू टेकवायची, क्षणभर थांबायचं, मग तळवा. फ्रिज असो, कूलर असो, नाहीतर कुणाच्या दारात उभी असलेली सायकल असो. आम्ही पहिल्यांदा घर पाहायला गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच्याच फाटकाला असा उलटा हात लावला आणि मगच ते आमच्यासाठी उघडलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने डोळ्यांनीच सांगितलं, घर हवेशीर आहे, तू गप्प राहा.

मी गप्प राहणाऱ्यांतली नाही. आत पाऊल टाकताच विचारलं, "काका, फाटकाला काय होतं?"

"काही नाई होत," ते म्हणाले. "काल नव्हतं होत. आजचं आज पाहा लागते."

आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. उंच, वाळलेला माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात बाकीचे लोक पेन ठेवतात तिथे टेस्टर. पायात बाराही महिने रबरी स्लिपर. देवळात जाताना तेवढी काढत, तीही नाराजीने. काकू म्हणजे त्यांची बायको सांगायची, "माह्या भाचीच्या लग्नात हे स्लिपरवर आले. वरपक्षाचा माणूस यायलेच विचारते, माइक कुठी लावाचा आहे म्हणून. यायनं जाऊन माइक लावून देला, आन् मंग जेवाले बसले." सांगताना ती हसायची, पण शेवटी एक उसासा असायचाच.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कुणी म्हणालं की अमुक गोष्ट चांगली आहे, तपासलेली आहे, की ते विचारत, "कोणत्या महिन्यात मोजलं?" प्रश्न विजेचा, पण ते तो सगळीकडे लावत. शेजारच्या मुलीला नांदगाव खंडेश्वरचं स्थळ आलं. माझं माहेर तिथलंच, म्हणून मी हौसेने सांगितलं, घर माहितीतलं आहे, मुलगा फार शांत आहे.

"कोणत्या महिन्यात पाह्यला?"

"दिवाळीत भेटला होता."

"दिवाळीत समदेच शांत असतात. पेरणीच्या तोंडावर पाहा म्हणा." शेजारच्या बाई आठ दिवस माझ्याशीसुद्धा नीट बोलल्या नाहीत.

आणि तो खड्डा. अंगणात, जिथे लोक तुळशीवृंदावन बांधतात, नेमक्या त्या जागी सिमेंटची चौकोनी झाकणी होती. रोज उन्हं उतरली की काका ती उचलत, आतल्या लोखंडी पाइपावर बसवलेल्या नरसाळ्यात बादलीभर पाणी सावकाश ओतत, बादली पालथी घालत आणि झाकणी परत ठेवत. अकोल्यात तेव्हा नळ पाच दिवसांआड यायचा, कधी सहा. बायका तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा टाकत नसत. अशा गावात हा माणूस काही न उगवणाऱ्या खड्ड्याला रोज बादलीभर पाणी पाजतो म्हटल्यावर लोक बोलणारच. शेजारच्या बाई म्हणत, "खड्ड्यात देव बसवला वाटते मास्तरनं." मीही त्यांच्यात मिसळून हसले आहे, खोटं कशाला सांगू.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, "एवढं पाणी काहून घालता हो त्याच्यात?"

त्यांना असा प्रश्न कुणी मनापासून विचारला की त्यांचा चेहरा मास्तरचा व्हायचा. खाली वाकून त्यांनी अंगणातली भेग दाखवली. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते. मनगट आत जाईल एवढी भेग होती. "हे पाहा. पावसाळ्यात माती फुगते, पाइपाले घट्ट धरते. उन्हाळ्यात आकसते, पाइप सोडून देते. कोळसा, मीठ किती बी टाका, पाणी नसलं तं सारं कोरडं. अन् घरात कूलर कधी चालतात? उन्हाळ्यातच ना. मोटर बिघडली तं करंटले जमिनीत जाले वाट पायजे. वाट वाळली तं थे माणसातून जाते."

मी मान डोलावली. समजलं होतं सगळं. एखादी गोष्ट समजणं आणि तिच्यासाठी बादली उचलणं यांत किती अंतर असतं ते मात्र पुढे कळायचं होतं.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. त्या हिवाळ्यात माझ्या स्कूटीवरून ती पडली. स्कूटी मी चालवत होते. दुसऱ्याची चूक होती असं सगळे म्हणतात, मीही म्हणते, पण स्कूटी मी चालवत होते. गुडघ्याच्या वरचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, आणि पाहतो तर गुडघा वाकेचना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: येत्या तीन महिन्यांत जेवढा वाकेल तेवढाच पाय तुमचा, पुढे हाड आणि स्नायू ऐकायचे नाहीत. व्यायाम दुखतो म्हणून ती किंचाळायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पाण्यात चालवा, पाण्यात वजन पडत नाही, दुखणार नाही. गावातला पोहण्याचा तलाव खोल, पायऱ्या उंच, आणि वॉकर धरून चालणाऱ्या पोरीला तिथे कोण घेणार? नवरा नोकरीला अमरावतीला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. त्यानेच मागवलं ते टाकं. लोखंडी नळ्यांची चौकट, निळं रबरी कापड, कमरेइतकं पाणी. अंगणात उभं केलं, एक टँकर बोलावून भरलं. परत टँकर मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून तेच पाणी गाळून गाळून वापरायचं. त्याच्याबरोबर आलेला पंप दोन दिवसांत बसला. नवऱ्याने बाजारातून लोखंडी अंगाची छोटी मोटर आणली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढला आणि पिन खोचणार तेवढ्यात काका फाटकातून आत आले.

त्यांनी मोटर पाहिली, वायर पाहिली, ओल्या फरशीवर पडलेला बोर्ड पाहिला. मग खिडकीतून हात घालून आतलं बटण बंद केलं, पिन काढली आणि बोर्ड गुंडाळून काखेत घेतला.

"आठ दिवस," ते म्हणाले.

"कशाचे आठ दिवस?"

"नवी लाइन टाकतो. नवा खड्डा करतो. मंग पोट्टीले पाण्यात उतरवा."

माझा पारा चढला. "काका, डॉक्टरांनी तीन महिने दिलेत! त्यातले आठ दिवस तुम्ही खड्डे खोदण्यात घालवणार? तुमचं घर आहे म्हणून काय वाट्टेल ते?"

"मॅडम," ते आवाज न चढवता म्हणाले, "पाय वाकन. पण पोट्टी राह्यली पायजे ना पाय वाकाले."

असं कुणी आईला बोलतं का? मी घरात जाऊन दार आपटलं आणि ओट्याला टेकून रडले. नवरा बिचारा बाहेरच उभा राहिला, कुणाची बाजू घ्यावी ते न कळून.

संध्याकाळी काकू वाटीत शेवयांची खीर घेऊन आली. खीर निमित्त होती. तिने खाली बसून, पदराने कपाळ पुसत, मला सगळं सांगितलं. काकांची थोरली बहीण अंजनगाव सुर्जीला दिली होती. तिने नवं घर बांधलं तेव्हा या भावाने ओवाळणी म्हणून घराची सगळी वायरिंग स्वतः करून दिली. अर्थिंगचा असाच खड्डाही केला. श्रावणात मीटर लावून मोजलं. आकडा इतका चांगला आला की भावाने खुशीत तो भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवला, खाली तारीख टाकली. पुढच्या वैशाखात बहीण चालू कूलरमध्ये पाणी भरायला गेली, करंटने तिचा तळवा मिटला आणि ती तिथेच चिकटली.

"यायचं मोजणं काही चुकलं नोतं," काकू म्हणाली. "श्रावणातलं होतं एवढंच. त्यायनं कोणाले सांगतलं नाई की उन्हाळ्यात पाणी घालत जा. कोणालेच नाई सांगतलं. जवाई तवापासून यायच्यासंगं बोलत नाईत. पण घराले तीनदा रंग देला, त्या आकड्याची जागा तेवढी सोडली. हे दर वैशाखात तिच्या तिथीले जातात. भर दुपारी खड्डा मोजतात, नवीन मीठ-कोळसा टाकतात, आन् त्या आकड्याच्या खाली नवा आकडा लिहितात. चार दिवस राह्यतात. जवाई ताट वाढतात, पाणी देतात, बोलत नाईत."

मी खीर खाऊ शकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काका खोदत होते तिथे चहा नेऊन ठेवला. त्यांनी कपाला उलटा हात लावून पाहिला. तो चहा गरम आहे का म्हणून होता की सवयीने, कोण जाणे.

आठ दिवसांत त्यांनी काय काय केलं ते मला आजही तोंडपाठ आहे. टाक्यापासून लांब, व्हरांड्याच्या खांबावर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर झाकणाचा सॉकेट बसवला. तिथून घरातल्या बोर्डापर्यंत वायर पाइपातून नेली. बोर्डात एक जाडसर स्विच लावला. करंट कुठे गळला की तो आपोआप पडतो, आणि त्याच्यावर तपासणीचं एक छोटं बटण असतं. काका रोज ते दाबून पाहत. खटकन स्विच पडला की त्यांच्या तोंडावर समाधान दिसे. मोटर विटांवर ठेवली. नवा खड्डा पुरुषभर खोल गेला. आणि मोजणी त्यांनी केली ती दुपारी दोनला, अंगणातली फरशी पायाला चटके देत असताना. डोक्याला उपरणं गुंडाळून हा म्हातारा मोजणीच्या सळया रोवत फिरत होता.

नियम एकच होता. मोटर सकाळी चार तास चालायची, तेव्हा पाण्याजवळ कुणी जायचं नाही. पोरगी पाण्यात उतरायची तेव्हा पिन सॉकेटमधून बाहेर. नुसतं बटण बंद चालणार नाही, पिन बाहेर. आणि ती पिन काकांच्या हातात. टाक्यापासून दूर व्हरांड्यात ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसत, वायरीचं टोक मुठीत, आणि आवाज देत, "माय, पिन माह्या हातात आहे. उतर आता."

पोरगी तिकडे वळून पाहायची, मूठ दिसली की उतरायची. तासभर ती पाण्यात फेऱ्या मारायची, मी बाजूने हात धरायची, आणि तो तासभर काका मूठ सोडायचे नाहीत. एकदा त्यांच्या गालावर डास बसला. डाव्या हाताने हाकलता आला असता, पण डाव्या हातात चष्मा होता. तो डास त्यांनी पोट भरून जाऊ दिला. पोरगी हसून हसून पाणी प्याली. तिला हसताना पाहून मला कितीतरी आठवड्यांनी बरं वाटलं.

गुडघा हळूहळू ऐकू लागला. आणि वैशाख आला.

जाण्याच्या आदल्या दिवशी काकांनी मला दोन्ही खड्ड्यांपाशी नेलं. "मॅडम, चार दिवस. जुन्याले एक बादली, नव्याले एक. पाणी कोणतंही चालते, भांड्याचं, धुण्याचं. पिन तुमच्या हातात ठेवजा. बाकी काही नाई." काकू आजारी भावाकडे म्हणून आधीच मूर्तिजापूरला गेली होती. घरी मी आणि लेक, दोघीच.

पहिल्या दिवशी नळ येणार होता, आला नाही. जलवाहिनी फुटली म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या ड्रममध्ये तळाला पाणी उरलं. धुण्याचं पाणी संडासात जात होतं, भांड्यांचं पाणी परत भांड्यांना. आणि दोन बादल्या मातीत ओतायच्या? हात धजावेना. टाक्यातून दोन बादल्या काढल्या असत्या तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. सुचलं होतं. ऑफिसातून घामाने निथळत आले की बादली भरून अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत जायचा कंटाळा केला. चार दिवसांनी काय होतंय, असं मनाशी म्हटलं. त्या माणसाच्या बहिणीची गोष्ट ऐकूनसुद्धा म्हटलं.

चौथ्या दिवशी रविवार होता. नवरा त्या आठवड्यात आला नव्हता. मोटर चालू होती, आणि तिचा पाइप तोंडापासून सरकून पाणी अंगणात वाया जाऊ लागलं. पाणी वाया जाताना पाहून माझा जीव कासावीस झाला. मी तशीच ओल्या हाताने, अनवाणी धावले. पोरगी वॉकर घेऊन माझ्या मागे आली होती. मी वाकले तोवर ती शेजारी पोहोचून म्हणाली, "आई, मी लावते पाइप, मला येतं!" आणि वॉकरवरचा एक हात तिने पुढे केला.

"हो बाजूला!" मी खेकसले. तिला वाचवावं असं काही माझ्या मनात नव्हतं. घाई होती आणि चिडचिड होती. मी तिचा हात झटकला आणि मोटरला स्वतः हात लावला.

कुणीतरी खांद्यातून हाड ओढावं तसं झालं. मी मागे आपटले. घरातून खट् असा आवाज आला आणि मोटर थांबली. स्विच पडला होता. पोरगी किंचाळत होती, ते मला उशिराने ऐकू आलं. मी उठून बसले, तिला ओढून कुशीत घेतलं, आणि तिचा तो पुढे केलेला हात माझ्या दोन्ही हातांत दाबून कितीतरी वेळ तशीच चिखलात बसून राहिले. मग तिला घेऊन आत गेले, दार लावलं, आणि त्या दिवशी अंगणात परत पाऊल टाकलं नाही.

सोमवारी सकाळच्या एसटीने काका आले. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आत मी सांगून टाकलं, काल शॉक बसला. पिशवी तशीच खांद्यावर ठेवून त्यांनी विचारलं,

"पोट्टी कुठी होती?"

"शेजारी."

"किती शेजारी?"

मी हाताने दाखवलं. त्यांनी ते अंतर पाहिलं आणि खांबाला धरून हळूच पायरीवर बसले. मग विचारलं, "हात कोणता लावला? सरळ का उलटा?"

"सरळ."

"खड्ड्यात पाणी?"

"ओतलं होतं," मी म्हणाले. "रोज."

किती सहज निघाला तो शब्द तोंडातून! आजही आठवलं की कानशिलं तापतात. काका उठले, नव्या खड्ड्यापाशी गेले, झाकणी उचलली. पाइपाच्या भोवती बोट घातलं. बोट सहज खोल गेलं. बाहेर काढून त्यांनी अंगठ्याने ते चोळलं, कोळशाची कोरडी पूड खाली पडली. माझ्याकडे पाठ होती त्यांची. झाकणी परत जागेवर ठेवून ते म्हणाले, "हाव. मंग मोटरच खराब असन."

एवढंच. मला वाटलं, सुटले. त्यांनी मोटर खोलायला नेली आणि दोन दिवसांनी दुसरी बसवली. आतल्या तारांत पाणी शिरलं होतं म्हणाले. पुन्हा खुर्ची, पुन्हा मुठीत पिन. त्या संध्याकाळी पोरगी पाण्यात असताना ते तिला सांगत होते, "माय, तो स्विच आहे ना, जमीन ओली असली तं मोटर बिघडल्याबरोबर पडते, कोणाचा हात लागायच्या आधीच. जमीन कोरडी असली तं थे माणसाचा हात लागाची वाट पाह्यते." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी पोरीचा दंड धरून पाण्यात बघत उभी राहिले.

गुडघा त्या उन्हाळ्यात पुष्कळ वाकला. उरलेला, डॉक्टरांचा अंदाज चुकवत, पुढच्या दोन उन्हाळ्यांत, त्याच टाक्यात. पुढच्या वैशाखात मी काकांना विचारलं होतं, अंजनगावला कधी निघताय? म्हणाले, "भाचा पाह्यते आता. उन्हात एसटीचा प्रवास होत नाई." त्यांचं वय झालंच होतं. मला काही वेगळं वाटलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही गेले नाहीत. मग माझी बदली अमरावतीला झाली आणि आम्ही राजापेठेत फ्लॅट घेतला. घर ताब्यात घेताना वायरिंगवाल्याने सांगितलं, मॅडम, अर्थिंग एकदम ओके आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणत्या महिन्यात मोजलं?"

काका गेल्याचा काकूचा फोन आला तो यंदाच्या एप्रिलमध्ये. झोपेतच गेले. मी आणि लेक तेरवीच्या आदल्या दिवशी अकोल्याला पोहोचलो. लेक आता तेरा वर्षांची आहे, शाळेच्या खो-खोच्या संघात आहे, माझ्या पुढे तरातरा चालते. अंगणात मंडपाच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या, नेमक्या त्या झाकणीवर. लेकीने त्या एकेक करून उतरवल्या, कुणाला न विचारता. झाकणी उचलली. आत कोरडं खडखडीत होतं. दहा-बारा दिवस कुणाला सुचलं नसणार, आणि का सुचावं?

तिने बादली भरून आणली आणि काका ओतायचे तशीच सावकाश ओतली. काकू पायरीवर बसून पाहत होती. पाणी नरसाळ्यातून आवाज करत खाली गेलं.

लेक वळली आणि एकदम म्हणाली, "आई, तुला शॉक बसला होता तेव्हा काकांनी विचारलं होतं ना, पाणी ओतलं का म्हणून? तू ओतलं होतंस ना?"

सहा वर्षं तिच्या मनात ते कुठेतरी पडून होतं. हो म्हणणं सोपं होतं. एकदा म्हणून झालंच होतं. पण झाकणी उघडी होती आणि काकू समोर बसली होती.

"नाही," मी म्हणाले. "एकही दिवस नाही ओतलं. काकांशी मी खोटं बोलले."

काकू अगदी हळू बोलली. "मालूम होतं त्यायले. तवाच मालूम होतं, बोट घालून पाह्यलं ना."

"मग मला काही बोलले का नाहीत?"

"म्या बी म्हटलं, बोला तिले. तं म्हणे, बाई पोट्टीसाठी मरून राह्यली, तिले आनखी काय बोलाचं. म्हणे, पोट्टी पाण्यात असंपर्यंत मी हालतच नाई हितून." काकूने पदर तोंडाला लावला, मग खाली घेतला. "म्हणून तं गेले नाईत दोन वर्स अंजनगावले. भाच्याले फोन करून सांगत, पाणी टाक म्हणून. पण आकडा लिहाले दुसऱ्या कोणाले देलं नाई त्यायनं. त्या भितीवर दोन वर्सांची जागा मोकळी आहे, बाई."

मी खांबाला धरलं, त्याच खांबाला, ज्याच्यावर त्यांचा सॉकेट अजून होता. दर वर्षीचे ते चार दिवस हेच त्या माणसाचं बहिणीशी उरलेलं सगळं नातं होतं. ते मी दोन वर्षं त्याच्याकडून काढून घेतलं, दोन बादल्यांच्या कंटाळ्यापायी, आणि त्याने ते मला कळूसुद्धा दिलं नाही. रोज संध्याकाळी माझ्याच लेकीला आवाज देत राहिला, पिन माह्या हातात आहे, उतर आता. मी रडले, काकूच्या गळ्यात पडून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तिचा नवरा गेला होता.

लेक बादली घेऊन परत नळाकडे गेली होती. नळाच्या लोखंडी तोटीला तिने आधी उलटा हात लावला, क्षणभर थांबली, मग नळ सोडला. बादली काठोकाठ भरून, जराही न लंगडता, ती अंगण ओलांडून माझ्यापाशी आली.

"ही तू ओत," ती म्हणाली.

मी ओतली.